फोनमधलं काय द्यायचं, हे भावालाच ठरवू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, तासगाव तालुक्यात घरची द्राक्षबाग बघतो. काही वर्षांपूर्वी त्याला बायपोलर आजाराचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी येणाऱ्या आजाराचं, निदान झालं आणि लिथियमच्या गोळीवर तो आता स्थिर आहे. पुण्यातल्या एका संशोधन गटानं त्याला अभ्यासात यायला विचारलंय. फोनमध्ये एक अ‍ॅप घालायचं. ते लोकेशन, चालणं, स्क्रीन कधी चालू-बंद होते आणि कॉल लॉग गोळा करणार. वेगळी सही दिली तर फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट आणि मेसेजही घेणार. भाऊ म्हणतो, "चालणं, झोप खुशाल घ्या. पोस्ट आणि मेसेज देणार नाही." वडिलांचं म्हणणं, द्यायचंच तर सगळं द्यावं, तेवढंच पोरावर लक्ष राहील. आणि तो ऐकत नसेल तर त्याच्या नकळत एखादं अ‍ॅप घालून आपल्याच फोनवर बघता येईल का, असंही त्यांनी विचारलंय. तुम्ही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानामुळं कोईमतूरला, त्यामुळं लांबून जीव टांगणीला. त्यात भावाच्या लग्नाचं बघणं सुरू झालंय, तेव्हा ही माहिती बाहेर फुटली तर काय, ही धास्ती वेगळीच.

मी मिरजेत मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. सांगली, मिरज, जत, कवठेमहांकाळ, विटा आणि पलीकडून कर्नाटकातलेही पेशंट रोज बघतो. आधी सरळ उत्तर देतो. भावानं जेवढं देतो म्हटलंय तेवढंच द्यावं, आणि ते अर्धवट आहे असं घरात कुणी म्हणू नये. नकळत अ‍ॅप घालायचा विचार आजच सोडून द्या. आता याची कारणं सांगतो, कारण नुसतं 'असं करा' म्हटलेलं वडिलांना पटणार नाही.

पेशंट फोनमधली माहिती द्यायला तयार असतात का, असं विचारलं की लोकांना हो किंवा नाही यातलं एक उत्तर हवं असतं. ओपीडीत मला तसं उत्तर कधी मिळत नाही. मी विचारतो, "रात्री फोन कधीपर्यंत चालू असतो ते दाखवाल का?" बहुतेक जण लगेच दाखवतात. अ‍ॅपमधून पुण्या-बंगळूरला पाठवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कोण बघणार?" दुसरा येतो, "घरच्यांना दिसणार का?" बरेच पेशंट अनोळखी संशोधकापेक्षा घरच्या माणसालाच जास्त बिचकतात. दूरच्या संगणकात आपलं नाव म्हणजे एक आकडा असतो. स्वयंपाकघरात तसं नसतं.

आणि कुणाला काय झाकायचं असतं, हे बाहेरून ओळखता येत नाही. आपल्याला वाटतं, मेसेज सगळ्यात खाजगी, लोकेशनचं काय एवढं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी विवाहित बायका सासरी "मिरजेला डोळे दाखवायला जाते" असं सांगून येतात. त्यांच्यासाठी लोकेशन हीच सगळ्यात नाजूक गोष्ट असते, कारण दर महिन्याला ठरावीक दिवशी त्या कुठं थांबतात हे त्यावरून कळतं. एखाद्या पुरुषाला लोकेशनचं काहीच वाटत नाही, पण कॉल लॉग म्हटलं की तो गप्प होतो. त्यात खाजगी फायनान्सवाल्यांचे फोन असतात आणि कर्जाचं घरी माहीत नसतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला गोळीचं नाव गूगलवर शोधलेलं कुणाला दिसू नये असं वाटतं. तुमचा भाऊ झोप देतो आणि मेसेज देत नाही, ही त्याची स्वतःची रेघ आहे. ती कुठं आणि का ओढली, हे तुम्हाला सांगायला तो बांधील नाही.

दुसरी गोष्ट, हा होकार आजाराबरोबर बदलतो. बायपोलरमध्ये हे फार ठळक दिसतं. आजारानं उचल खाल्ली की माणूस कशालाही हो म्हणतो. फोनचा पासवर्ड गावभर सांगतो, दिवसाला तीस स्टेटस टाकतो, नको ते फोटो टाकतो, ओटीपीसुद्धा देऊन बसतो. अशा वेळी घेतलेली सही ही सही नव्हे. उदासीच्या टप्प्यात तो "काय करायचं ते करा" म्हणतो. तोही होकार धरू नये, त्यात नुसता थकवा असतो. संशयाचा आजार असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण फोनमधून आपल्यावर पाळत ठेवली जातेय हाच कित्येकांचा भ्रम असतो. पाळतीच्या भीतीनं झोप उडालेल्या माणसाला खरोखरच नोंदी घेणारं अ‍ॅप फोनमध्ये टाक म्हणून सांगायचं, तर फार जपून, फार उघडपणे सांगावं लागतं आणि बऱ्याचदा सांगूच नये. माझ्या एका पेशंट मुलीनं अ‍ॅपला ठाम नकार दिला, पण दर भेटीला स्वतः फोन हातात धरून ती मला किती पावलं चालली तो आकडा दाखवते. फोन माझ्या हातात देत नाही. आकडा मी केसपेपरवर लिहितो, ती तो वाचून बघते, बरोबर आहे म्हणते. उपचाराला एवढं पुरतं.

तुमचा भाऊ आत्ता स्थिर आहे, नीट विचार करून काही देतो म्हणतोय, काही नाही म्हणतोय. असा वेगवेगळा विचार करता येणं हे बरं असल्याचंच लक्षण आहे. हा निर्णय मोडून काढायला जाल तर पुढच्या वेळी तो काहीच देणार नाही.

आता विज्ञानाचं बोलतो, कारण 'सगळं द्यावं' यामागं वडिलांची समजूत अशी दिसते की जितकी जास्त माहिती तितका आजार लवकर पकडता येईल. फोनच्या नोंदींवरून वागण्यातले बदल टिपायच्या या प्रकाराला डिजिटल फिनोटायपिंग म्हणतात. यात खरंच दम आहे, पण तो किती हे बघा. 2018 मध्ये बोस्टनच्या गटानं स्किझोफ्रेनियाच्या 17 पेशंटांच्या फोनमधल्या नोंदी तीन महिन्यांपर्यंत पाहिल्या. आजार उलटण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत चालण्या-फिरण्यातले आणि बोलण्या-भेटण्यातले विचित्र बदल इतर काळापेक्षा 71 टक्के जास्त आढळले. आशा वाटावी अशीच गोष्ट, पण माणसं 17. याच मार्गावरचं मोठं काम आपल्याकडे बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, संगाथ या स्वयंसेवी संस्थेचं भोपाळमधलं केंद्र आणि बोस्टन यांनी मिळून हाती घेतलं, ते भारतातल्या पेशंटांवर होतंय म्हणून मला जास्त मोलाचं वाटतं.

बायपोलरपुरतं बघायचं तर डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या गटानं बरीच वर्षं चिकाटीनं काम केलंय. मोनार्का नावाच्या त्यांच्या चाचण्यांत पेशंट रोज फोनवर आपला मूड, झोप, गोळ्या नोंदवत आणि दवाखान्यातून त्यावर लक्ष ठेवलं जाई. 2015 च्या पहिल्या चाचणीत उन्मादाची किंवा उदासीची लक्षणं त्यामुळं कमी झाली असं दिसलं नाही. उलट काही जणांत उदासी जास्त रेंगाळल्याचा संशय आला. रोज उठून स्वतःचा मूड मोजत बसणं सगळ्यांना मानवत नाही, हे ओपीडीतही जाणवतं. 2020 च्या दुसऱ्या चाचणीतही मूडच्या लक्षणांत फरक पडला नाही, पण जगणं थोडं सुसह्य झालं, ताण कमी वाटला, असं पेशंटांनी सांगितलं. ही जगातली सगळ्यात नेटकी कामं आहेत. तेव्हा अ‍ॅप घातलं म्हणजे पोरगं सांभाळलं गेलं, असं वडिलांना वाटू देऊ नका.

सोशल मीडियाचंही तसंच. फिलाडेल्फियातल्या एका इमर्जन्सी विभागात आलेल्या 683 जणांनी फेसबुकवरचं लिखाण आणि दवाखान्याच्या नोंदी जोडून बघायला परवानगी दिली. त्यातल्या 114 जणांच्या नोंदीत डिप्रेशन होतं, आणि निदान होण्याच्या काही महिने आधीच्या भाषेत त्याच्या खुणा बऱ्यापैकी सापडल्या. 2020 मध्ये आणखी एका अमेरिकन गटानं 223 तरुण-तरुणींचे 34 लाखांहून जास्त फेसबुक मेसेज तपासले आणि गंभीर आजारांत भाषेचा वेगळेपणा दाखवून दिला. पण हे सगळे आपण होऊन 'हो' म्हणालेले लोक होते. नकार देणारा माणूस अशा अभ्यासात कुठंच दिसत नाही. माझ्या अनुभवात नकार देणाऱ्यांमध्येच आजार उलटण्याचा धोका जास्त असलेले, संशयानं पछाडलेले, घरच्यांशी तुटलेले पेशंट जास्त असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तेच बाहेर राहतात.

शिवाय ती भाषा इंग्रजी. आपल्या सांगली-सातारा भागातला पोरगा फेसबुकवर काय टाकतो ते डोळ्यासमोर आणा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर, बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ, आणि गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीतला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. थंडीच्या महिन्यात गावातली चार म्हातारी माणसं गेली की पोराच्या खात्यावर चार श्रद्धांजल्या दिसतात. दुःखाचे शब्द मोजणाऱ्या यंत्राला तो पोरगा खचलेला वाटेल. आपल्या भाषेवर, आपल्या लोकांवर नीट पारखलेलं साधन येईपर्यंत भावाच्या पोस्ट दिल्यानं त्याच्या उपचारात फार भर पडेल असं मला वाटत नाही.

मेसेजच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती फॉर्मवर सहसा ठळक नसते. मेसेजमध्ये समोरच्या माणसाचेही शब्द असतात. मित्रानं रात्री रडून लिहिलेलं, वहिनीनं घरातल्या भांडणाचं सांगितलेलं, ज्या मुलीशी लग्नाचं बोलणं चाललंय तिचे मेसेज. त्या कुणीच कशावर सही केलेली नाही. भाऊ "मेसेज देणार नाही" म्हणतो, त्यात तो त्या लोकांनाही जपतोय.

म्हणून मी म्हणतो की तो जे देतोय तेच बायपोलरमध्ये सगळ्यात कामाचं आहे. या आजारात बहुतेकदा पहिली घसरते ती झोप. तीन-चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, थकत नाही. स्क्रीन कधी विझली आणि कधी उजळली यावरून याचा बरा अंदाज येतो, त्याला मजकूर वाचायची गरज पडत नाही.

पण झोपेची नोंदही आपल्याकडे डोळे झाकून वाचू नये. इथं एक प्रसंग सांगतो. कवठेमहांकाळ भागातला एक बागायतदार, तुमच्या भावाच्याच आजाराचा, त्याचा मोठा भाऊ घाबरून त्याला घेऊन आला. म्हणाला, "हा रात्रभर फोनवर असतो, मी बघितलंय." मी त्या पेशंटाच्याच परवानगीनं त्याच्या शेजारी बसून फोनची सेटिंग उघडली, त्यात डिजिटल वेलबीइंग म्हणून एक भाग असतो. स्क्रीन रात्री दीडला उजळलेली, सव्वादोनला, साडेतीनला, पुन्हा पाचला. मग कॉल लॉग उघडला. मध्यरात्रीनंतर एकाच नंबरला दहा-बारा कॉल, सगळे काही सेकंदांचे. हे पुण्यातल्या संगणकापुढं गेलं असतं तर त्याला बेचैनी म्हणजे काय याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण मिळालं असतं. पेशंट शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तो नंबर मोटरीचा आहे." त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाइट रात्री होती. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असतं, त्याला कॉल केला की मोटर चालू होते, लाइट गेली-आली की पुन्हा कॉल. दिवसा त्यानं दुपारी तीन तास झोप काढली होती, बोलणं संथ, खर्च जागच्या जागी. तो बरा होता. पुढच्या आठवड्यात लाइट दिवसाची झाली आणि रात्रीच्या नोंदी आपोआप सरळ झाल्या.

द्राक्षवाल्यांचं तर वर्षभर असंच. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की डावणी या बुरशीरोगाच्या भीतीनं पहाटे फवारणीला पळायचं, अवकाळीचा अंदाज आला की रात्र जागून काढायची. पुण्यातल्या गटाला हे आपण होऊन सांगा, लाइटचं वेळापत्रक कळवत जा. त्यांना त्याचा उपयोगच होईल. (विषय थोडा बाजूला जातोय, पण फवारणीच्या दिवसांत उन्हात घाम गाळून लिथियमवाल्या माणसानं पाणी कमी पिणं धोक्याचं असतं. रक्तातली पातळी चढते. जुलाब-उलट्या लागल्या तर आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे त्याला पक्कं ठाऊक असू द्या.)

रेंजचं आणि फोनचंही तसंच. मळ्यात नेट नसतं, रीचार्ज संपतो, आणि स्वस्तातले बरेच फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारी अ‍ॅप स्वतःच बंद करतात. मग चार दिवस नोंद येत नाही. ती गप्प का झाली, हे फोन करून विचारल्याशिवाय कळत नाही. घरोघरी फोन एकमेकांच्या हातात फिरतात तो घोटाळा वेगळा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण 54 टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. पुतण्यानं काकाच्या फोनवर रात्री बारापर्यंत गेम खेळला की काकाची झोप बिघडलेली दिसते.

वडिलांना समजावून सांगायची मुख्य गोष्ट ही, की अभ्यासातल्या माहितीवर बहुतेकदा कुणी चोवीस तास नजर लावून बसलेलं नसतं. बऱ्याच अभ्यासांत ती साठवून महिन्यांनी एकत्र तपासली जाते. भाऊ मध्यरात्री बिघडला तर पुण्यात घंटा वाजेल, असं घरच्यांनी धरून चालू नये. म्हणून त्या गटाला पहिला प्रश्न हाच विचारा, की नोंदी कोण बघतं, किती दिवसांनी बघतं, काही बिघडलेलं दिसलं तर कुणाला कळवतं, आणि ते कुणाला कळवायचं हे भावानं ठरवायचं की तुम्ही. याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर मी सही करायला सांगणार नाही.

आता फुटण्याची भीती. ती खोटी नाही. फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतल्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 मध्ये हजारो पेशंटांना थेट धमक्या आल्या, पैसे द्या नाहीतर तुमचं बोलणं जगाला दाखवू. 2024 मध्ये त्या हॅकरला शिक्षा झाली, पण उघडं पडलेलं परत झाकता येत नाही. चोरी न होताही माहिती जाते. 2019 च्या एका तपासणीत डिप्रेशन आणि धूम्रपान सोडण्यासाठीच्या 36 लोकप्रिय अ‍ॅपपैकी 29 अ‍ॅप गूगल किंवा फेसबुकच्या सेवांना माहिती पाठवत होती आणि बऱ्याच अ‍ॅपनी हे आपल्या अटींत नीट सांगितलेलं नव्हतं. बेटरहेल्प या बड्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी दिल्याबद्दल 2023 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 78 लाख डॉलर भरायला लावले. त्यामुळं प्ले स्टोअरवरचं कुठलंतरी 'मूड ट्रॅकर' उतरवून घेणं आणि नैतिक समितीनं, म्हणजे पेशंटाचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीनं, तपासलेल्या अभ्यासात जाणं, यात मी मोठा फरक करतो. पहिलं मी माझ्या पेशंटांना सहसा करू देत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, थोडा समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 23 पेशंटाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम 24 नुसार डिजिटल स्वरूपात ठेवलेली माहितीही त्यात येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार परवानगी मोकळेपणानं, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागं घेणं सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. आपल्याला उपयोगी तरतूद अशी, की माहिती का घेताय हे सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मागता येते.

दोन फटीही सांगून ठेवतो. माणसानं स्वतः सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली पोस्ट या 2023 च्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे भावानं फॉर्मवर नाही म्हटलं तरी त्याचं उघडं फेसबुक कुणीही वाचू शकतं, तेव्हा खात्याची सेटिंग त्याला 'फक्त मित्रांना' करून घ्यायला सांगा. आणि त्या एका माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नसेल, तर ठरलेले निकष पाळून केलेल्या संशोधनाला याच कायद्यातून सूट आहे. अशा वेळी भरवसा नैतिक समितीवर आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांवर ठेवावा लागतो. म्हणून फॉर्मवर समितीचं नाव, मंजुरीचा क्रमांक आणि तक्रारीसाठी फोन नंबर आहे का ते बघा. मध्येच बाहेर पडलं तर आधी गोळा झालेली माहिती पुसणार की ठेवणार, हे तोंडी न घेता लेखी घ्या. लोकेशन नेमकं ठिकाण म्हणून साठवतात की नुसतं 'घरापासून किती लांब' एवढंच, हेही विचारा. दुसऱ्या पद्धतीनं काम भागत असेल तर तीच मागा.

नकळत अ‍ॅप घालण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 खाली गुन्हा ठरू शकतो, मग शिरणारा बाप का असेना. पण कायद्याआधी उपचाराचं सांगतो. अशी अ‍ॅप सापडतात. बॅटरी भराभर उतरते, फोन गरम होतो, मित्राला दाखवला की तो काढून दाखवतो. माझ्याकडच्या एका घरात हे झालं. त्या पोरानं स्मार्टफोन भिंतीवर आपटला, बटणाचा फोन घेतला, आणि जेवणातही घरचे काहीतरी कालवत असणार म्हणून आईच्या हातची गोळी घेणं थांबवलं. आधी 'माझ्यावर पाळत आहे' हा त्याचा भ्रम होता, घरच्यांनी तो खरा करून दाखवला. पुढचं वर्षभर आम्ही सगळे तो विश्वास परत मिळवत होतो. लिथियम ही रोज स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मनानं घ्यायची गोळी आहे. तिच्यामागं जो विश्वास लागतो तो कुठल्याही लोकेशनपेक्षा तुमच्या भावाला जास्त सुरक्षित ठेवतो.

मग लांबून तुम्ही काय करायचं? भाऊ बरा आहे तोवरच त्याच्याबरोबर बसून ठरवून घ्या. त्याच्या आजाराच्या आधीच्या उचलीत सुरुवातीला काय झालं होतं, हे त्यालाच विचारा. कुणाचं बोलणं वाढतं, कुणी नवा ट्रॅक्टर बुक करून येतो, कुणी रात्री दोनला कोईमतूरला फोन लावून नव्या धंद्याची गोष्ट सांगतो. त्यातल्या दोन-तीन खुणा त्याच्या तोंडून कागदावर येऊ द्या. त्या दिसल्या तर त्याला कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हेही तोच ठरवेल. बहुतेक पेशंट एका माणसाला हा हक्क देतात. तुम्हाला 'दादा' म्हणून दिला तर तो जपून वापरा, रोज उठून "गोळी घेतली का, झोपलास का" विचारून खर्चू नका. हवं तर रविवारी रात्री त्यानं स्वतः आठवड्याच्या स्क्रीनटाइमचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा, एवढंच ठेवा. पाठवायचा की नाही हे त्याच्या हातात. बँकेत जाऊन यूपीआयच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घेणं हेही बरं असतानाच होतं, आणि उन्मादात वाचणारा पैसा अ‍ॅपनं दिलेल्या इशाऱ्यापेक्षा जास्त खरा असतो. 2017 च्या कायद्यात कलम 5 खाली आगाऊ निर्देश लिहिता येतो आणि कलम 14 खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. आजारी पडलो तर माझ्यासाठी कुणी बोलावं, उपचार कसे व्हावेत, हे त्यात सांगता येतं. आपल्या भागात हे फार कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वडिलांशी बोलताना त्यांना दोष देऊ नका. पोराला मध्यरात्री गाडीत घालून मिरजेला आणलेला बाप असतो तो, त्याला पुन्हा ती रात्र नको असते. त्यांच्या हाताला काम द्या. झोपेची वही त्यांनी ठेवायची, पोराला दाखवून, उघड्यावर. किती वाजता दिवा विझला, किती वाजता उठला, रात्री लाइट होती का. ही वही पुण्याच्या संगणकापेक्षा माझ्यासारख्याला जास्त सांगते.

लग्नाचं शेवटी. अभ्यासातून माहिती फुटून स्थळ मोडेल ही भीती तुम्ही जितकी मोठी धरलीय तितकी ती नाही. नातेवाइकांतून, मेडिकल दुकानातून, गावातल्या बोलण्यातून ती फुटण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि मुलीपासून आजार लपवून लग्न लावणं हे तिच्यावर अन्यायाचं आहेच, पुढं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली फसवणूक म्हणून लग्न रद्द करायचा अर्जही येऊ शकतो. बोलणी पुढं सरकली की सुपारी फुटायच्या आधी भावानं स्वतः मुलीला सांगावं. त्याची तयारी असेल तर दोघांना त्याच्या डॉक्टरांकडे एकत्र पाठवा. अशा भेटी मी घेतो, आणि नीट समजावलं की बऱ्याच मुली आणि त्यांचे आईवडील विचारपूर्वक हो म्हणतात. लग्नानंतर अभ्यासातली परवानगी पुन्हा एकदा वाचायची, कारण मग त्याच्या लोकेशनमध्ये आणि कॉलमध्ये तीही येते.

सध्या एवढं करा. पुण्याहून मराठीतला फॉर्म मागवा. भाऊ एकटा शांतपणे वाचू दे, झोप आणि चालणं याला टिक, पोस्ट आणि मेसेजला फुली, कॉल लॉगचं त्यालाच विचारा. टिक-फुली अशी वेगवेगळी करता येत नसेल, सगळं किंवा काहीच नाही असा फॉर्म असेल, तर नको म्हणून कळवा. त्याच्या उपचारात त्यानं काडीचा फरक पडणार नाही, आणि तसं फॉर्मवर लिहिलेलंही असायला हवं. आणि अ‍ॅप असो-नसो, रात्रीची लाइट किंवा फवारणी नसताना सलग दोन-तीन रात्री तो तीन-चार तासांवर आला आणि तरी थकलेला दिसला नाही, तर कशाचीही वाट न बघता त्याच्या डॉक्टरांना फोन लावा. रात्री-अपरात्री कुणी भेटलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मारहाण, जिवाला धोका अशी वेळ असेल तर फोनवर वेळ न घालवता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.